बाजेचे चार कोपरे

(सेवाकार्याच्या सहाय्यकांचा मेळावा नुकताच पिंपरी येथे झाला. त्या वेळी आपल्या मंडळीतील एका भगिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्यांच्या व वाडीवरील ताईंच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत. वाडीवरील ताईंनी आपली हकीकत सांगण्यास परवानगी दिली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. शब्बाथशाळेत मुलांना गोष्टी सांगते, तेवढेच माझे बोलणे. पण मागच्या महिन्यात आपल्या सेविकाताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मेळाव्यात साक्ष द्या. छातीच्या कॅन्सरवर आपल्या सभेत कोणी बोलतच नाही." मी म्हटले, "पुरुषमंडळी बसलेली असतील, कसे बोलू?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोला." म्हणून आज उभी आहे. काही शब्द आपल्याला सभेत ऐकायची सवय नसेल. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

चार वर्षांपूर्वी नाताळच्या आधीची गोष्ट. घरी करंज्या-चकल्यांची गडबड चालली होती. आंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि डाव्या बाजूला काखेच्या खाली एक गाठ लागली. वाटाण्याएवढी नव्हे, चांगली लिंबाएवढी. दाबून पाहिली. दुखत नव्हती. मला हायसे वाटले. आपण बायका असेच समजतो ना, जे दुखत नाही ते काही वाईट नसते.

बंधुभगिनींनो, इथेच मी फसले. ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखली असती तर मी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला असता. दाढ दुखली की आपण रात्रीची वाट पाहत नाही. ही गाठ गप्प बसते आणि आपणही तिच्याबरोबर गप्प बसतो.

मी कोणालाच सांगितले नाही. मिस्टर चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहेत. त्यांची पाळी आठवड्याला बदलते. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती. म्हटले, परीक्षा होऊ दे. मग एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी वरूनच विचारले, "दुखते का?" मी नाही म्हटले. ते म्हणाले, "मग काळजी करू नका, या वयात अशा गाठी होतात." मलाही तेच ऐकायचे होते. त्यांना दोष देऊन मी सुटणार नाही. गाठ वाढते आहे हे माझ्या हाताला कळत होते, आणि तरी मी पुनरुत्थानाचा सण होईपर्यंत थांबले. चार महिने गेले.

शेवटी मुलीनेच पकडले. मी डाव्या हाताने पाण्याची बादली उचलताना तोंड वाकडे केले, तिने विचारले आणि मला रडू फुटले. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गेली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. गाठ कॅन्सरची निघाली आणि काखेतल्या ग्रंथींतही पोहोचली होती.

एक गोष्ट इथेच सांगते, म्हणजे घरी जाऊन कोणी घाबरायला नको. छातीत लागणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. बहुतेक गाठी साध्या असतात. पण कोणती साधी आणि कोणती नाही, हे आपल्या बोटांना कळत नाही आणि वरून विचारणाऱ्या डॉक्टरांनाही कळत नाही. ते तपासणीनेच कळते.

आमच्याकडे ईएसआयचे कार्ड होते. त्यामुळे उपचारांचा मोठा भार आमच्यावर आला नाही, याबद्दल मी देवाचे उपकार मानते. आधी ऑपरेशन झाले. डावे स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. शुद्धीवर आले तेव्हा बाजूला दोन नळ्या होत्या, त्यांच्या टोकाला पाणी जमणाऱ्या बाटल्या. त्या बाटल्या घेऊनच घरी आले. रोज सकाळी त्यातले पाणी मोजून वहीत लिहायचे. आमच्या स्त्रीसभेतल्या एका बहिणीने जुन्या साडीच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, गळ्यात अडकवायच्या. त्या पिशव्यांत बाटल्या ठेवून मी घरभर फिरत असे. ती पिशवी मी अजून जपून ठेवली आहे.

पट्टी निघाली त्या दिवशी मी आरशात पाहिले नाही. आठ दिवस पाहिले नाही. नवव्या दिवशी मुलगी कॉलेजला गेल्यावर दार लावून पाहिले. काय वाटले ते सभेत सांगता येणार नाही. एवढेच सांगते की मिस्टरांनी त्या रात्री विचारले, "पाहिलंस का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मी पण पाहिलंय, पट्टी बदलताना. तू आहेस ना, बास." फार बोलणारा माणूस नाही तो. पण त्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने काढले. इथे बसलेल्या पुरुषमंडळींना माझे सांगणे आहे की अशा वेळी मोठे शब्द लागत नाहीत.

मग केमो सुरू झाली. पहिले चार डोस दर तीन आठवड्यांनी. त्यातले एक औषध लाल रंगाचे असते. पुढे दर आठवड्याला एक, असे बारा. दुसऱ्या डोसाच्या आधीच केस हातात येऊ लागले. तोंड आले, भाताची सुद्धा चव लागेना, पायाची बोटे बधिर झाली. डॉक्टरांनी बजावले होते की ताप शंभरच्या वर चढला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री असो की पहाट, लगेच यायचे. केमोमुळे अंगातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा ताप जिवावर बेतू शकतो. आमच्या घरी पहिल्यांदाच थर्मामीटर आला. एकदा रात्री दोन वाजता ताप एकशे एक झाला. शेजारच्या मंडळीतल्या मुलाला फोन केला, तो गाडी घेऊन दहा मिनिटांत दारात. केमो संपल्यावर रेडिएशन झाले, रविवार-शनिवार सोडून रोज, पंधरा दिवस. आता रोज एक गोळी चालू आहे, ती निदान पाच वर्षे घ्यायची आहे.

या काळात मंडळीतले लोक भेटायला येत. प्रेमानेच येत. पण काही बोलणी मनाला लागली. एकजण म्हणाले, "काही गुप्त पाप असेल तर कबूल करा." एक बहीण म्हणाली, "विश्वास असेल तर केमोची गरज काय?" मी तिला उत्तर दिले नाही, अंगात ताकद नव्हती. आज देते. लूक हा वैद्य होता, हे आपण सगळे जाणतो. वैद्याला देवाने आपल्या सेवेत घेतले आणि शुभवर्तमान लिहायला लावले. मग औषध घेणाऱ्याचा विश्वास कमी कसा? प्रार्थना करा, पण आजाऱ्याच्या हातातली गोळी काढून घेऊ नका.

आणि काही लोकांनी काहीच न बोलता केले. एक बहीण दर मंगळवारी डबा आणत असे. एक आजी येऊन भांडी घासून जात, चहा सुद्धा घेत नसत. स्त्रीसभेच्या बहिणींनी क्रोशाच्या सुईवर सुती दोऱ्याचे गोल विणले, आत मऊ कापूस भरला आणि ब्लाऊजच्या आत ठेवायला मला दिले. दुकानातला सिलिकॉनचा हजारो रुपयांचा असतो आणि उन्हाळ्यात घाम येतो. हा हलका, घरी धुता येणारा. तो घालून मी पहिल्यांदा उपासनेला आले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. आपल्या बायका इतकी वर्षे टेबलक्लॉथ आणि वेदीचे कपडे विणतात, त्या सुईचा असाही उपयोग आहे.

हाताचे व्यायाम फार महत्त्वाचे होते. काखेतल्या ग्रंथी काढल्या की खांदा आखडतो आणि हाताला सूज येण्याची भीती कायम राहते. भिंतीसमोर उभे राहायचे आणि बोटे मुंगीसारखी वर वर चढवत न्यायची. आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीवर मुलीची उंची मोजलेल्या जुन्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांच्या शेजारी मिस्टर रोज माझ्या बोटांची खूण करत. पहिल्या दिवशी माझा हात मुलीच्या पाचव्या वर्षाच्या उंचीपर्यंत पोहोचला. ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे, तिच्या आजच्या खुणेपर्यंत पोहोचायला मला अडीच महिने लागले.

माझी हकीकत एवढीच. ती ऐकवण्यासाठी मी आले नाही. आता वाडीवरच्या ताईंविषयी सांगते.

चाकणहून आंबेठाणच्या रस्त्याने निघाले की दोन्ही बाजूंना कारखाने लागतात, कंटेनरच्या रांगा लागतात. करंजविहिरेच्या पुढे गेले की भामा आसखेडचे धरण येते आणि डोंगर सुरू होतात. आपल्यापैकी कितीतरी जणांची भाकरी या पट्ट्यातून येते. पण त्याच तालुक्याच्या डोंगराकडच्या बाजूला ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. कातकरी समाजाला सरकारने अतिमागास आदिम जमातींमध्ये धरले आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आपले सेवाकार्य त्या वाड्यांवर चालते, ते आपल्याला या त्रैमासिकातून कळतच असते.

गेल्या वर्षाआधी सेविकाताई एका कातकरी वाडीवर लहान मुलांची वजने घ्यायला गेल्या होत्या. तिथे एक ताई पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. वास येत होता. सेविकाताईंनी त्यांना बाजूला नेले. गाठ फुटली होती, वर झाडपाल्याचा लेप आणि फडके. वर्ष झाले होते. भगताकडे जाऊन आल्या होत्या, कोंबडे दिले होते. घरात नवऱ्यालासुद्धा धड माहीत नव्हते.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ मोठी आहे, आधी केमो देऊन लहान करू आणि मग ऑपरेशन. ताईंनी ऐकून घेतले आणि घरी येऊन सांगितले, "मी कापून घेणार नाय." सेविकाताईंनी चार वेळा समजावले. मग मला फोन केला.

मी गेले. माझे केस तेव्हा नुकते बोटभर वाढले होते. झोपडीत आम्ही तिघीच होतो. मी काय समजावणार होते? मी दाराला पाट लावला आणि ब्लाऊजची बटणे काढली. आयुष्यात मी असे कधी केले नव्हते. ताईंनी बराच वेळ पाहिले. मग खरखरीत बोटांनी व्रणाला हात लावला.

"दुकतं का गं बाय?"

"आता नाही."

"मालकानं टाकलं नाय?"

"नाही."

मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, जो माझ्या मनात कधी आलाच नव्हता. "हात चालतो का? पाटी उचलती का?"

मला आरशाची भीती वाटली होती. त्यांना हाताची. त्यांचे घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येते. भट्टीमालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती अंगावर काम करून फेडायची. बाईचा हात थांबला तर उचल फिटत नाही. मला डॉक्टरांनी सांगितले होते की त्या हातावर जड ओझे एकदम घ्यायचे नाही, जखम होऊ द्यायची नाही, त्या हाताला सुई टोचायची नाही, ताकद हळूहळू वाढवायची. मी मान हलवून घरी आले आणि मुलीने बादल्या उचलल्या. हाच सल्ला भट्टीवरच्या बाईला द्यायचा, तर तिने खायचे काय? त्या दिवशी मला समजले की औषध दोघींना एकच लागते, पण बरे होण्यासाठी लागणाऱ्या बाकीच्या सगळ्या गोष्टी माझ्याकडे होत्या आणि त्यांच्याकडे नव्हत्या.

मी खोटे बोलले नाही. म्हटले, "पाटी लगेच नाही उचलता येणार. पण भाकरी थापता येते, केस विंचरता येतात, नातवाला उचलता येते." त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी सेविकाताईंबरोबर रुग्णालयात आल्या.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुरळीत झाले. झाले नाही. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तिचेच नाव आता महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिच्यात बसते. गरिबासाठी ही फार मोठी सोय आहे. पण त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. ताईंचे नाव सासऱ्यांच्या जुन्या कार्डावर होते आणि सासरे वारून दहा वर्षे झालेली. कागदांसाठी सेविकाताईंच्या सहा फेऱ्या झाल्या. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला, रुग्णालय पुण्याला, वाडी डोंगरात. वाडीवरून पहाटे जीप पकडायची, ती चुकली तर दिवस गेला. पुढे चाकणला तळेगाव चौकात तासभर कोंडी. केमो घेऊन ओकाऱ्या येत असताना याच रस्त्याने परत.

दुसऱ्या डोसानंतर ताई आल्याच नाहीत. फोन लागेना. सेविकाताई वाडीवर गेल्या तर झोपडीला कुलूप. नातू आजारी पडला होता आणि सुनेला एकटीला भट्टीवर झेपेना, म्हणून त्या तिकडे गेल्या होत्या. आपल्या दोन सेवकांनी मोटारसायकलवर मोशीच्या आसपासच्या भट्ट्या एकामागून एक पालथ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सापडल्या. डोक्याला फडके बांधून विटांना माती कालवत बसल्या होत्या. तीन आठवडे उशीर झाला. डॉक्टर रागावले. ताई म्हणाल्या, "बाय, पोराला ताप व्हता. माझं कोन बघतं?"

या वाक्याने मला झोप लागली नाही. माझ्या तापाला थर्मामीटर होता, फोन होता, गाडी घेऊन येणारा मुलगा होता.

आपल्याला मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची गोष्ट माहीत आहे. शब्बाथशाळेत मी ती कितीदा सांगितली असेल. चौघे त्याला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून बाज खाली सोडतात. मी मुलांना नेहमी चमत्कार सांगत असे. आता मला ते चौघे दिसतात. बरे करणारा त्या घरात होताच. त्या माणसाला तिथपर्यंत पोहोचता येत नव्हते. आणि प्रभूने विश्वास पाहिला तो त्या आणणाऱ्यांचाही पाहिला. त्यांच्यापैकी एकाने जरी कोपरा सोडला असता, तरी आजारी माणूस खाली पडला असता.

तर आज मी बाजेचे चार कोपरे तुमच्यापुढे मांडते. ज्याला जो जमेल तो धरावा.

पहिला कोपरा, गाठ वेळेत सापडणे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. कारण आपल्याकडे बायका उशिरा येतात. वाडीवर मॅमोग्राफीचे यंत्र कुठून येणार, असे आपण म्हणतो. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात घेतल्या. निम्म्या स्त्रियांची छाती दर दोन वर्षांनी तपासली, आणि तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी, नुसत्या हाताने. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीखाली तसा ठळक फरक दिसला नाही, हेही खरे. पण विचार करा, यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकवलेला हात.

आणि हे आपल्याला नवीन नाही. आपल्याच ख्रिस्ती समाजातील डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. खेड्यातल्या, कित्येक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या कामासाठी १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाडीतली बाई वाडीतल्या बाईला जे सांगेल, ते मी शहरातून जाऊन सांगू शकत नाही. आपल्या सेवाकार्याने प्रत्येक वाडीतली एक बाई यासाठी शिकवावी, अशी माझी विनंती आहे. आणि इथल्या बहिणींनीही स्वतःकडे पाहावे. गाठ, काखेतली गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही नवीन दिसले तर सणाची वाट पाहू नका. मी पाहिली होती.

दुसरा कोपरा, वाट. उपचार योजनेत होतात, पण बुडालेली मजुरी कुठल्याही योजनेत बसत नाही. जीपचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, मागे राहिलेल्या घराचे धान्य. यासाठी वेगळा निधी असावा. पेटीत टाकलेले शंभर रुपये छोटे वाटतात, पण त्या शंभरात एक डोस चुकायचा वाचतो.

तिसरा कोपरा, सोबत. रुग्णालयात खिडकी कोणती, कागद कुठे द्यायचा, नाव कधी पुकारतात, हे आपल्यालाही कळत नाही. ताई तर नाव पुकारले तरी उठत नसत, कारण त्यांना आडनावाने कोणी कधी हाक मारलेली नव्हती. आपल्याकडे निवृत्त झालेले किती बंधू आहेत, ज्यांना महिन्यातून एक दिवस देता येईल. धर्मोपदेश करायचा नाही, तिने कोणाला नमस्कार करावा हे विचारायचे नाही. शेजारी बसायचे आणि नाव पुकारले की उठवायचे.

चौथा कोपरा, जागा. रेडिएशन रोज असते. वाडीवरून रोज येणे शक्यच नाही. ताईंचे रेडिएशन आले तेव्हा हाच प्रश्न पडला. आमच्या काळेवाडीच्या दोन खोल्या. मी मिस्टरांना विचारले, ते म्हणाले, "आणा की. मी बाहेरच्या खोलीत झोपेन, तसाही रात्रपाळीला आहे."

ताई आमच्याकडे तीन आठवडे राहिल्या. पहाटे चारला उठून दारासमोरची जागा झाडत. शेजारणी आधी विचारू लागल्या की ही कोण, मग मेथीची जुडी आणून देऊ लागल्या. गॅसवरची भाकरी त्यांना आवडत नसे, म्हणत, "धुराशिवाय भाकरीला चव नाय." दुपारी रुग्णालयातून आलो की आम्ही दोघी भिंतीसमोर उभ्या राहून बोटे वर चढवत असू. मिस्टर ताईंच्या खुणा वेगळ्या, लाल पेन्सिलीने करत. शेवटच्या दिवशी त्यांची खूण माझ्यापेक्षा दोन बोटे वर होती. एवढे आयुष्य पाट्या उचलण्यात गेलेला हात तो. त्या हसल्या. तीन आठवड्यांत मी त्यांना पहिल्यांदा तोंड भरून हसताना पाहिले.

आता त्या वाडीवर आहेत. भट्टीवर गेल्या नाहीत. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजी निवडणे, तांदूळ पाखडणे असे काम त्यांना मिळाले आहे. पगार थोडा आहे, पण महिन्याच्या महिन्याला मिळतो. त्यांनाही माझ्यासारखी रोजची गोळी आहे. त्यांची गाठ माझ्यापेक्षा मोठी होती आणि उशीरही जास्त झाला होता. डॉक्टरांनी पुढची खात्री दिलेली नाही. मलाही कोणी दिलेली नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीला जायच्या आदल्या रात्री मी अजून घाबरते. बरे होणे म्हणजे भीती संपणे, असे मी आधी समजत होते. आता असे समजते की बरे होणे म्हणजे भीती असताना उठून भाकऱ्या करता येणे, आणि एखादीच्या सोबत जाता येणे.

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "बाय, खालच्या वाडीत एक हाय. पदर लपेटून बसती. मी तिला माझं दावलं. ती येती म्हनली." आपण अजून कोणाला शिकवलेही नाही, आणि पहिली आरोग्यसेविका कामाला लागली आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, त्या खालच्या वाडीतल्या बहिणीची तपासणी येत्या गुरुवारी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. प्रार्थना झाल्यावर बाहेर सेविकाताई वही घेऊन बसल्या आहेत. वहीत चार रकाने आखले आहेत, तपासणी, वाट, सोबत आणि जागा. गुरुवारच्या सोबतीचा रकाना अजून रिकामा आहे.